पुन्हा घोडा का घेतला नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर जुनं गिऱ्हाईक भेटलं की हटकून विचारतं, "पुन्हा घोडा का घेतला नाहीत?" मी ठोकून देतो, ई-रिक्षा आल्या, धंद्यात राम उरला नाही. खोटं आहे ते. माथेरानात रिक्षा फिरायला लागल्या डिसेंबर 2022 मध्ये. माझी घोडी, राणी, त्याच्या तीन पावसाळे आधीच गेली होती.

पोटशूळ. ऐकणाऱ्याला वाटतं, पोट बिघडलं असेल, ओकून मोकळी झाली असती. घोड्याला ओकताच येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट, की आत गेलेलं वर येत नाही. वायू कोंडला तर जठर फुटायचीही भीती.

त्या रात्री ती वळून वळून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने माती उकरत होती. मी कुशीला कान लावला. एरवी आत रांजण हिंदकळल्यासारखा गुडगुडाट चालू असतो. तेव्हा काहीच नव्हतं. ती लोळायला खाली बसू बघायची, मी मोरकी धरून उठवायचो. पाऊस कोसळत होता. लाल चिखलातून तिला रात्रभर चालवलं. मधूनमधून ओठ वर करून बॅटरीच्या उजेडात हिरड्या बघायचो. पहाटे त्या जांभळ्या पडल्या. डॉक्टर खालून वर येईस्तोवर उजाडलं, आणि तोवर मी तिला उठवायचं थांबवलं होतं.

वडील म्हणायचे, काम बंद तर चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, निम्मी. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, राणी दिवसभर बांधलेली, आणि मी तोबरा तेवढाच भरत होतो. मूठभर जास्तच, खरं तर. मायेपोटी. डॉक्टर म्हणाले, नेमकं कारण सांगता येणार नाही. जंत असतील, गवत बुरसलेलं असेल. गवत मी रोज हुंगून टाकायचो. रोज म्हणजे, बहुतेक रोज.

आणि हाच मी पर्यटकांना ऐटीत सांगायचो: घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेला आडवाच होतो, श्वास फक्त नाकाने घेतो, बरोबर शेपटीमागचं त्याला दिसत नाही. ओकत नाही हेही सांगायचो. पोरं खिदळायची. एवढं ठाऊक होतं ना तुला, मग चंदी का नाही तोडलीस? यावर तेव्हाचा मी म्हणतो, उपाशी ठेवू का तिला?

गेल्या महिन्यात खाली नेरळला एक तट्टू बघून आलो. दात बघितले, खूर उचलून बघितले. मालकाला विचारलं, पावसाळ्यात चंदी किती घालता? "पोटभर," तो म्हणाला. किंमत न विचारताच परत आलो. दिवाळीआधी पुन्हा जाईन म्हणतोय.