लिनो, झिंक आणि काळे झालेले हात

गेले दोन महिने दर रविवारी धरमपेठेतल्या एका क्लासला जातेय, प्रिंटमेकिंग शिकायला. सुरुवात लिनोकटने झाली, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर छापायचं. नागपूरच्या उन्हाचा इथे खरंच फायदा होतो, लिनो दहा मिनिटं गच्चीवर ठेवला की मऊ पडतो आणि गाऊज (कोरायचं हत्यार) लोण्यातून जावं तसा सरकतो, थंडीत मात्र तोच लिनो कडक होऊन कडा तुटतात. पहिल्यांदा मी अक्षरं सरळच कोरली, छापून बघते तर सगळी उलटी!! आता आधी ट्रेसिंग पेपर उलटा करून घेते.

मग एचिंग. झिंकच्या प्लेटवर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग प्लेट ॲसिडमध्ये, जितका जास्त वेळ तितकी रेघ खोल आणि प्रिंटमध्ये तितकी गडद, नंतर शाई भरायची, वरची पुसून काढायची (हे पुसणंच सगळ्यात अवघड बघा), ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. कागद उचलतानाचा तो क्षण मला फार म्हणजे फार आवडतो.

लिथोग्राफी (दगडावर चित्र काढून छापायची पद्धत) अजून बाकी आहे. १८९४ मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत प्रेस काढली ती याच तंत्राची, आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्याच छपाईच्या परंपरेतली, म्हणून त्या दगडाला हात लावायची खूप घाई झालीय.