मीटरवरचा लाल ठिपका

रविवार, रात्री साडेदहा

काल लेक पुन्हा खोलीतला दिवा तसाच ठेवून निघून गेली आणि माझं प्रवचन सुरू झालं. पृथ्वी, पुढची पिढी, सगळं. तिने शांतपणे विचारलं, "आई, तो दिवा खातो तरी किती?" उत्तर माहीत नव्हतं. आवाज मात्र चढलेला होता.

म्हणून आज दुपारी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि घड्याळ घेऊन मीटरपुढे उभी राहिले. आमच्या मीटरवर बारीक अक्षरात लिहिलंय की एका युनिटला लाल ठिपका ३२०० वेळा लुकलुकतो. लेकीने तिचा नऊ वॅटचा एलईडी लावला. बराच वेळ काहीच नाही. मीटर बिघडला की काय असं वाटायला लागलं, तेवढ्यात एकदा लुकलुकला. पुढच्या ठिपक्याला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. मग तिने गीझर लावला, दोन हजार वॅटचा. ठिपक्यांची नुसती घाई. सेकंदाला जवळजवळ दोन.

आमच्या घरात शॉवरखाली दहा मिनिटं उभी राहणारी मी आहे. लेक तिनात बाहेर येते.

मग हट्टालाच पेटले. शॉवरखाली बादली ठेवली. पंधरा लिटर भरायला दोन मिनिटं. म्हणजे दहा मिनिटांत ७५ लिटर. एका युनिटमध्ये साधारण ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. मला लागतं वीस अंशांनी गरम. हिशेब पावणेदोन युनिटांवर गेला. तेवढ्यात तिचा दिवा आठ दिवस, रात्रंदिवस जळेल! गणित दोनदा तपासलं, दुसऱ्यांदा जरा नाराजीने. दिवा जळताना दिसतो, गीझर बापडा दाराआड असतो, म्हणून इतकी वर्षं सुटला माझ्या तावडीतून.

दारामागे लटकणाऱ्या कापडी पिशव्याही मोजल्या: अकरा. त्यांचाही मला अभिमान. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालानुसार हवामानापुरतं बघितलं तरी सुती पिशवी प्लास्टिकच्या बरोबरीला यायला निदान ५२ वेळा वापरावी लागते. (उघड्यावर पडणारा कचरा त्या हिशेबात नव्हता, हेही खरं.) अकरातल्या तीन वापरात आहेत. बाकीच्या आठ मिरवण्यापुरत्या. बारावी कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही, एवढं ठरवलंय.

गाडीचं गणित आज मुद्दाम टाळलं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे पेट्रोलच्या वजनाच्या तिप्पट. हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो ना. ऑफिसची रोजची फेरी त्यात घातली असती तर आज झोप लागली नसती.

संध्याकाळी मोबाईलवर चार मिनिटांचा गजर लावून अंघोळीला गेले. गजर झाला तेव्हा डोक्यावर शाम्पूचा फेस तसाच होता. बाहेरून लेक ओरडली, "आई, वेळ संपली!"