आखाजीला आधी बागेत

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धुळ्याला माहेरी जाते आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. नाशिकच्या शेजारणी विचारतात, वहिनी विचारते, मागच्या खेपेला रिक्षावाल्या दादांनीही विचारलं, "ताई, घर तर पुढच्या गल्लीत ना? मग बॅग घेऊन बागेपाशी का उतरता?" तेव्हा घाईत काहीतरी बोलून गेले. तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आमचं घर जुन्या पेठेत. इथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखतात, आणि त्या पट्टीने ओढल्यासारख्या एकमेकींच्या शेजारून सरळ जातात. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने कारभाराचं ठाणं धुळ्यात आणलं आणि १८१९ मध्ये नवी पेठ आखायला घेतली. हे शहर विश्वेश्वरय्यांनी आखलं असं आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले १८८४ साली. पेठ तेव्हाच ६५ वर्षांची होती. खानदेशात त्यांनी पाण्याचं काम केलं, ते खरंच, आणि तेवढाही अभिमान पुरेसा आहे.

तर रस्ते सरळ आणि ऐसपैस, पण घरं भिंतीला भिंत लावून. आमचं घर समोरून जेमतेम बारा फूट, मागे मात्र आगगाडीच्या डब्यासारखं लांबच लांब. अंगण नाही, परस नाही. वर धाबं होतं. रात्री आम्ही तिथे अंथरुणं टाकायचो, पण वैशाखातल्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. पारा ४२-४३ वर गेला की आतल्या खोल्या भट्टी व्हायच्या. म्हणून गल्लीचं अंगण म्हणजे बाग.

फार मोठी नाही ती. दगडी खांबांचं फाटक, मध्ये गोल हौद, पुढच्या बाजूला दोन रेन ट्री. संध्याकाळ झाली की त्यांची पानं हात जोडल्यासारखी मिटतात. हौदाशेजारी बुचाचं झाड. पाऊस सरताना त्याची लांब देठांची पांढरी फुलं पहाटे खाली सडा घालायची आणि आम्ही पोरी देठात देठ गुंफून दोऱ्याशिवाय वेण्या करायचो. पुढच्या बाकांवर सगळे अण्णा, नाना, जिभाऊ. कपाशीचे भाव, निवडणूक, कोणाचा मुलगा पुण्याला लागला, हे सगळं तिथे.

मागच्या कंपाउंडला लागून पाच निंब. तो कोपरा बायकांचा. असा कोणी नियम लिहिलेला नव्हता, पण पुरुष तिकडे फिरकत नसत. चार वाजता भांडी घासून, पाणी भरून गल्लीतल्या बायका यायच्या. घरात सासऱ्यांसमोर, दिरासमोर कपाळापर्यंत ओढलेला माझ्या आईचा पदर त्या निंबाखाली खांद्यावर यायचा. माझी आई मोठ्याने हसते हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. मी सहा-सात वर्षांची असेन. घरी आल्यावर तशीच हसेल म्हणून मी वाट पाहिली होती.

आणि आखाजीला त्याच निंबांवर झोके. घरोघरी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पितरांना रस-पोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि ते आटोपलं की सासुरवाशिणी बागेत. विहिरीच्या मोटेचा जुना नाडा कोणाच्या तरी शेतावरून यायचा. शहरातल्या बागेत मोटेचा नाडा! एकीला बसवायचं, दोघींनी झोका द्यायचा, बाकीच्यांनी गाणी म्हणायची. सासूला नावं ठेवणारी गाणी सासूसमोर म्हणता यायची, कारण आखाजी होती. निंबच का, तर फाल्गुनात पानं झाडून तो चैत्रात तांबूस पालवी धरतो आणि ऐन वैशाखात, जेव्हा इतर झाडांचे खराटे झालेले असतात, तेव्हा गच्च सावली देतो. मुळं खोल जातात त्याची. शिवाय फांदी चिवट. रेन ट्रीची फांदी कितीही आडवी असली तरी आजी तिला नाडा बांधू देत नसे. ती कधी मोडेल याचा भरवसा नाही, म्हणायची.

लग्नानंतर म्हणूनच मी आधी बागेत जायचे. घरात शिरलं की मी पाहुणी. बागेत शिरलं की बरोबरच्या सगळ्या जणी.

आता जाते त्याचं कारण थोडं वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी बागेचं सुशोभीकरण झालं. मी गेले तर निंबांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, आणि बुंध्याभोवती सिमेंटचा गिलावा, गळ्यात पट्टा आवळावा तसा. बांधणाऱ्यांना ते स्वच्छ वाटलं असेल. पण झाड पाणी पितं ते बुंध्यापासून दूर पसरलेल्या बारीक मुळांनी, आणि त्या मुळांना हवाही लागते. वरचा पाऊस गटारात गेला तर खाली काय पोचणार? तिसऱ्या वर्षी आमच्या झोक्याच्या निंबाला चैत्रात एका बाजूला पालवीच आली नाही.

मी, माझा भाऊ आणि पुढच्या बाकांवरचे चार आजोबा मिळून अर्ज लिहिला. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा म्हणून धरतात. आमचे निंब तर माझ्या आजीने तिच्या लग्नात मोठे पाहिलेले. अर्ज घेतला, पोच दिली, पुढे महिने गेले. पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. शेवटी परवानगी मिळाली, आणि एका रविवारी गल्लीतली पोरं पहार, घमेली घेऊन आली. प्रत्येक बुंध्याभोवती चार हात माती उघडी केली. खालची माती पांढरी पडून विटेसारखी झाली होती. एका आजोबांनी घरून कळशी आणून त्यावर पाणी ओतलं, तर ते कितीतरी वेळ वरच उभं राहिलं.

झोक्याची फांदी वाचली नाही. ती कापावी लागली. झाड वाचलं. घरात कोणी आजारी असलं की आपण बॅग ठेवायच्या आधी त्याच्या खाटेशी जातो ना, तसं माझं होतं. पालवी सगळ्या बाजूंनी आली का, कापलेल्या जागेची साल जुळत आली का, माती पुन्हा कोणी बुजवली नाही ना, हे बघितल्याशिवाय मला घरचं पाणी गोड लागत नाही.

यंदा झोका शेजारच्या निंबावर होता. नाडा नायलॉनचा. गल्लीत नवीन आलेली एक सून, लातूरकडची, लांब उभी राहून बघत होती. तिच्याकडे आखाजीला झोके नसतात म्हणाली. बाकावरच्या आजी ओरडल्या, "बठ वं माय, काय लाजी राह्यनी?" ती बसली. मी बॅग बुंध्याशी टेकवली आणि तिला पहिला झोका दिला. दोन झोक्यांतच तिने ओढणी कमरेला बांधली आणि मागे न बघता म्हणाली, "ताई, जरा जोरात द्या की."

भाऊ बॅग न्यायला आला तेव्हा मी अजून तिथेच होते.