रोज विझणारी भट्टी आणि वाडीची वस्ती

आपल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. हाकेच्या अंतरावर एवढी मोठी ओतशाळा असताना घंटा मात्र रेल्वेच्या भंगारातली, याचे कारण साधे आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठणठणत नाही. बिडात ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हातोडा मारला की हे पापुद्रे कंप गिळून टाकतात. लेथचा बेड बिडाचा करतात तो याच गुणासाठी. रुळाच्या पोलादात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास आणि पापुद्रे नाहीत, त्यामुळे त्याचा आवाज मैदानापलीकडे जातो.

संपादक मंडळाने 'आपल्या पोलादनगरीचा इतिहास आणि लोकसंख्या' असा विषय सुचवला आहे. पहिली दुरुस्ती शीर्षकातच करावी लागते. किर्लोस्करवाडी ही पोलादनगरी नव्हे, ती बिडाची वाडी. हा शब्दच्छल वाटेल, पण इथे माणसे किती राहिली आणि किती राहिली नाहीत याचे उत्तर या फरकातच आहे.

इतिहास बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत, त्यामुळे पहिले नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० ही वाडीची जन्मतारीख. माळावर निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. जमेची बाजू एकच, पुणे-मिरज मार्गावरचे स्टेशन. कच्चे बीड (खनिजातून काढलेले पहिले लोखंड) आणि कोक (भाजलेला दगडी कोळसा), दोन्ही वॅगनने येणार. बैलगाडीने आणले तर नांगराची किंमत वाढेल. पुढे स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. १९२० मध्ये कंपनीची नोंदणी झाली, १९२६ मध्ये पहिला सेंट्रिफ्यूगल पंप निघाला. मुलूख औंध संस्थानाचा, म्हणून जुन्या कागदांत वाडी सातारा जिल्ह्यात शोधली तर सापडत नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तालुका आधी तासगाव, आता पलूस.

आता शेजारी जमशेदपूर ठेवून पाहा. काळ जवळजवळ तोच. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, डिसेंबर १९११ मध्ये झोतभट्टीतून (खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या भट्टीतून) पहिले कच्चे बीड निघाले, फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद. तिथेही माळ, तिथेही स्टेशनचे नाव बदलले, कालीमाटीचे टाटानगर झाले. पण १९११ च्या जनगणनेत साडेपाच हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९२१ मध्ये ५७ हजारांवर गेली. आपली वाडी शंभर वर्षांनीही वाडीच आहे. भांडवल, खनिज, सरकारी मागणी ही कारणे आहेतच. मला मात्र त्यांच्याइतकेच वजनदार कारण भट्टीच्या स्वभावात दिसते.

झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवायची नसते. वरून खनिज, कोक, चुनखडी पडत राहते, खालून दर काही तासांनी वितळलेल्या धातूचा रस काढावा लागतो. एक टन कच्च्या बिडाला दीड टनाहून जास्त खनिज लागते. ती मध्येच थंडावली तर बुडाशी धातूचा गोळा गोठतो. त्याला 'सॅलॅमँडर' म्हणतात आणि तो फोडायला सुरुंग लावावे लागतात. म्हणजे रात्री दोन वाजताही प्रत्येक जागेवर माणूस हवाच. हिशेब मांडा: आठवड्याच्या २१ पाळ्या, एका माणसाच्या सहा, एका जागेला साडेतीन माणसे, रजा-आजारपण धरून चार. घरटी पाच माणसे धरली तर एका जागेमागे २० जणांची वस्ती. शंभर जागा म्हणजे दोन हजार लोक, आणि तेही भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. शिवाय त्यांचा वाणी, न्हावी, डॉक्टर, मास्तर.

ओतशाळेत बीड वितळवतात त्या क्युपोलाची गोष्ट वेगळी. ही भट्टी म्हणजे पोलादी पत्र्याचा उभा नळकांडा, आतून अग्निविटांचे अस्तर. बुडाला खाली उघडणारी दोन दारे, त्यांना टेकू. दारांवर वाळूचा थर ठोकून त्याला रसाच्या तोंडाकडे उतार देतात. आधी लाकूड पेटवायचे, त्यावर कोक, तो वाऱ्याच्या नळ्यांच्या वर मीटरभर तरी चढेपर्यंत. हा 'बेड' कमी पडला तर सगळा दिवस वाया: बीड नळ्यांपाशी अर्धवट वितळून येते, रस थंड निघतो. बेड लाल झाला की थरावर थर: बीड, कोक, चुनखडी. कोक एक भाग तर बीड आठ ते दहा भाग. चुनखडी कोकच्या वजनाच्या पाव भागाएवढी. तिच्याने राख आणि माती मळी होऊन तरंगते. बिडाच्या चार्जमध्ये कच्चे बीड, भंगार आणि आदल्या दिवशीचे तोडलेले रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस जायच्या वाटांत गोठलेले बीड. भंगारात पोलाद जास्त झाले की कार्बन-सिलिकॉन घटते, पातळ भाग पांढरे आणि काचेसारखे कडक होतात, आणि मशीन शॉपमधून टूल तुटल्याच्या तक्रारी येतात.

वारा सोडला की थोड्या वेळात तोंड फोडून रस काढायचा, १,४०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. दुपारी सुरू झालेले ओतकाम संध्याकाळी संपते. मग टेकू काढायचा, दारे पडतात, उरलेला कोक आणि मळी धगधगत खाली येते, त्यावर पाणी. त्याआधी खालची जमीन कोरडी आहे ना, हे पाहावे लागते. ओल्या जमिनीवर रस पडला तर पाण्याची वाफ बाहेर पडायला जागा नसते आणि स्फोट होतो. दुसऱ्या दिवशी अस्तराचे खाल्लेले भाग अग्निमातीने लिंपायचे. म्हणूनच क्युपोले जोडीने बसवतात, एक चालतो तेव्हा दुसरा डागडुजीला.

ही भट्टी रोज पेटते आणि रोज विझते. त्यामुळे मोल्डर सकाळी येतो, दुपारपर्यंत साचे भरतो, संध्याकाळी ओततो आणि घरी जातो. हे घर वाडीत असायची गरज नाही. ते पलूस, कुंडल, रामानंदनगर, दुधोंडी, सांडगेवाडीत असू शकते, किंवा ताकारी-आमणापूर-भिलवडी यांपैकी एखाद्या स्टेशनाच्या वाटेवर. शेत सुटत नाही, म्हैस सुटत नाही, आणि कंपनीला दोन हजार माणसांची वसाहत उभारावी लागत नाही. वसाहतीत राहिले ते मुख्यतः लांबून आलेले: ड्रॉइंग ऑफिस, हिशेब, पॅटर्न शॉप (साच्यासाठी लाकडी नमुने करतात तो विभाग), दवाखाना, शाळा. लक्ष्मणरावांनी रस्ते, पाणी, सांडपाणी आखून दिलेली ही वस्ती नेटकी दिसते याचे अर्धे श्रेय तिच्या लहान आकाराला द्यावे, असे मला वाटते. मोठ्या कारखान्याच्या गावात आखलेल्या भागाभोवती न आखलेला भाग वाढतोच. इथे तो भार आजूबाजूच्या गावांनी उचलला.

त्या गावांनी दुसरे काय दिले तेही सांगायला हवे. शेतकऱ्याचा हात. ओतकामाची वाळू भिजवणे हे अर्धे शेतातलेच ज्ञान आहे. वाळूत पाणी ३ ते ५ टक्के, सोबत चिकणमाती किंवा बेंटोनाइट आणि कोळशाची पूड. मोजायला उपकरण आहे, पण जुना मोल्डर मूठ वळतो. वळलेली मूठ मधोमध मोडायची: तुकडे स्वच्छ धारेचे पडले, बोटांचे ठसे उमटले आणि तळवा ओला झाला नाही, तर वाळू तयार. काकड्या-वांग्यांच्या वाफ्याची ओल अशीच बघतात. पाणी जास्त झाले तर वाफ रसात शिरून ब्लो होल, म्हणजे मालात पोकळ्या, पडतात. कमी पडले तर साच्याची कड ढासळून वाळू कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, रुतते. फार घट्ट ठोकले तर वायूला वाट उरत नाही, म्हणून सुईने भोके पाडायची. सैल ठोकले तर रसाच्या दाबाने साचा फुगतो आणि माल वजनात जड जातो.

सुताराचा मुलगा पॅटर्न शॉपमध्ये गेला. त्याला शिकावे लागले ते आकसणे. बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसते, पोलाद त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच लांब आखलेली असते, तिच्यावरचा फूट साध्या फुटाहून एक अष्टमांश इंच मोठा. ही पट्टी घरी नेऊन दाराची चौकट मापली तर दार बसत नाही! साच्यातून पॅटर्न सहज निघावा म्हणून बाजूंना एक-दोन अंशांचा उतार, आणि जिथे मशीनिंग आहे तिथे तीनेक मिलिमीटर जादा.

पंप आल्यावर काम अवघड झाले. नांगराचा फाळ भरीव. पंपाचे केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, पोकळ, म्हणून साच्यात पोकळीच्या जागी वाळूचा गाभा ठेवायचा, तो कोअर. बारीक वाळू, जवसाचे तेल, दोनशे अंशांच्या वर भाजणे. कोअर साच्यात दोन मिलिमीटर जरी सरकला तरी एक भिंत जाड आणि समोरची पातळ. बाहेरून काही दिसत नाही. पाण्याच्या चाचणीत, चालू दाबाच्या दीडपट दाबावर, पातळ बाजूला घाम फुटल्यासारखे थेंब येतात. तोवर त्या केसिंगवर मशीनिंगची मजुरीही खर्च झालेली असते. म्हणून कोअर बसवणारा माणूस मोल्डिंगमध्ये सर्वात जुना असतो.

लोकसंख्येकडे परत येतो. जनगणनेत गाव 'शहरी' ठरायला तीन अटी: किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरचे. मोजणी राहत्या घरावर होते. २०११ च्या गणनेचा संदर्भक्षण १ मार्चची मध्यरात्र हा होता. मध्यरात्री जमशेदपूरच्या भट्टीवरचा कामगारही जमशेदपूरकरच असतो. आपला मोल्डर मात्र त्या वेळी दुधोंडीत झोपलेला असतो आणि दुधोंडीचा म्हणून मोजला जातो. वाडीचा जनगणनेतला आकडा म्हणजे भट्टी विझल्यानंतरचा आकडा.

उलटी बाजूही आहे. भद्रावतीचा कारखाना १९२३ मध्ये लाकडी कोळशावर सुरू झाला, खनिज केम्मणगुंडीच्या डोंगरातून. गाव त्याच्या जिवावर शहर झाले. पण २००१ मध्ये १ लाख ६० हजारांच्या घरात असलेली भद्रावती २०११ मध्ये दीड लाखावर आली. भट्टीवर वसलेले शहर भट्टीबरोबर खालीवर होते. आपल्या पंचक्रोशीतला माणूस कारखान्यातून कमी झाला तरी गावातून कमी होत नाही, कारण तो गावात आधीपासूनच असतो. आता बऱ्याच ओतशाळांत क्युपोलाच्या जागी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या आहेत आणि त्या पाळ्यांत चालतात, पण तोवर मोटारसायकल आली होती. रात्रपाळी सुटली तरी माणूस वीस मिनिटांत घरी.

अशा गावाची खरी मोजणी मस्टरवर, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावर, होते, आणि मस्टर वाचताना शेजारी पंचांग लागते. मृगाच्या पेरणीला, गावच्या जत्रेला आणि शाळूच्या काढणीला ओतकामाची हजेरी घटते. त्या आठवड्यात जाणता फोरमन मोठे कास्टिंग लावत नाही. लॅडल (रस ओतायचे भांडे) धरायला माणूस कमी पडून ओतणे मध्येच थांबले, तर दोन बाजूंनी आलेला रस भेटतो पण एकजीव होत नाही. तिथे केसासारखी रेघ राहते. तिला कोल्ड शट म्हणतात, आणि तो माल पुन्हा क्युपोलात जातो.