१० मीटर एअर रायफल: वयाच्या ३३ व्या वर्षी सुरुवात केली, त्याचा माझा अनुभव

मी मूळची गोव्यातल्या वाळपईकडची, आता नोकरीमुळे फोंड्याला असते. आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) रानडुकरं यायची म्हणून आजोबांकडे लायसनवाली ठासणीची बंदूक होती, निवडणूक आली की ती पोलिस स्टेशनात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, बंदुकीशी माझा संबंध एवढाच. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं ते ऑफिसात सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं, मेडलचा आनंद सगळ्यांना झालाच पण माझ्या डोक्यात बसलं ते त्याचं उभं राहणं, एवढ्या गलक्यात माणूस इतका शांत कसा काय उभा राहू शकतो. चतुर्थी झाली, गणपती गेले, आणि मी सरळ शूटिंग रेंजवर जाऊन चौकशी केली.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "काय गो, पोलिसांत कळवलंस का?" हा प्रश्न मला आजही लोक विचारतात म्हणून लिहिते. १० मीटरला जी एअर रायफल वापरतात तिचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ इंच, आणि २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे या बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला लायसन लागत नाही. पॉइंट २२ ची गोष्ट वेगळी, तिथे सगळे सोपस्कार आहेत. त्यामुळे माझ्यासारख्या नोकरीवाल्या माणसानं सुरुवात एअरनेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला महिना मला एकही पेलेट (छर्रा) मिळाला नाही. रेंजची रायफल साधारण पाच किलोची, नियमानं जास्तीत जास्त साडेपाच चालते, आणि शिकवणाऱ्या सरांनी फक्त उभं राहायला लावलं. डावा पाय पुढे, डावी कंबर टार्गेटकडे, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचा आणि रायफलचं वजन हाडांवरून सरळ जमिनीत सोडायचं. मी हाताच्या जोरावर उचलून धरायची आणि दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. सर म्हणायचे, "ताई, हातानं धरू नका, हाडावर ठेवा." हे वाक्य मला कळायला तीन आठवडे लागले, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी रायफल अचानक हलकी झाली, खरंच सांगते, अंगावर काटा आला.

मग नॅचरल पॉइंट ऑफ एम, म्हणजे जोर न लावता रायफल आपोआप जिकडे रोखली जाते ती जागा. रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे, आणि साइट (रायफलवरची नेम धरायची खूण) कुठे आलीय ते बघायचं. टार्गेटच्या डावीकडे आली असेल तर हातानं उजवीकडे ढकलायची नाही, पाय सरकवायचे, तेही अगदी थोडे. हातानं ढकललं की ट्रिगरच्या क्षणी अंग आपल्या मूळ जागी परत जातं आणि शॉट तिकडेच जातो. हे का एवढं महत्त्वाचं ते आकड्यात सांगते. टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, पेनाची निब टेकवावी एवढाच, आणि एका रिंगेपासून दुसरी रिंग अडीच मिमीवर. रायफलवर मागची पीप (डोळा लावायचं बारीक भोक) आणि पुढची रिंग यांच्यात अंतर सुमारे ८० सेंटिमीटर. म्हणजे पुढची रिंग ०.२ मिमी इकडची तिकडे झाली की एक अख्खा पॉइंट गेला.

घरी आमच्या पांढऱ्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवला आणि रोज रात्री जेवणाआधी वीस मिनिटं होल्डिंग, नुसतं ड्राय, म्हणजे छर्रा न घालता रायफल फक्त रोखून धरायची. पुढच्या रिंगमध्ये काळा गोळा आणि त्याच्याभोवती पांढरी कड, ती कड सगळीकडून सारखी दिसायला हवी. पहिल्यांदा तो गोळा होडीसारखा डुलत असायचा. श्वास अर्धा सोडून थांबलं की डुलणं कमी होतं, पाच-सहा सेकंद छान जातात, आणि आठ सेकंदांच्या पुढे गेलं की डोळाच फसवायला लागतो, नसलेली कड दिसायला लागते. तेव्हा रायफल खाली घ्यायची. हे खाली घेणं मला सगळ्यात जड गेलं, कारण एवढं उचललंय, एवढं सेट केलंय तर आता मारूनच टाकू असं मन म्हणतं, आणि तसा मारलेला शॉट हमखास आठच्या घरात.

आता खर्चाचं आणि माझ्याकडून जी चूक झाली तिचं. सर सांगत होते की रायफलची घाई करू नका, आधी जॅकेट, ट्राउझर, शूज आणि ग्लोव्ह करून घ्या आणि रेंजचीच रायफल वर्षभर वापरा. जॅकेट-ट्राउझर मापानं शिवून घेतलं, कीटला पस्तीसेक हजार गेले, ते सार्थकी लागले. पण मला स्वतःची रायफल हवी होती, नवीन इम्पोर्टेड दोन-तीन लाखांच्या घरात, म्हणून एका ओळखीतून सेकंडहँड घेतली. बॅरल उत्तम, ट्रिगर लोण्यासारखा, मी एकदम खूश. रेंजवर आणली तर सरांनी रायफल बघितलीच नाही, आधी खालचा एअर सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख बघितली. मुदत संपून वर्ष झालेलं. या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात आणि कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, मुदतीतला सिलिंडर वापरायची जबाबदारी नियमानं शूटरचीच. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. नवीन सिलिंडरला माझा एक महिन्याचा पगार गेला आणि तो येईपर्यंत दोन महिने परत रेंजचीच रायफल. खूप राग आला होता, अजूनही येतो. सेकंडहँड घेताय तर पैसे देण्याआधी त्या तारखेचा फोटो मागा.

दुसरं म्हणजे आपला पाऊस. जूनमध्ये चार दिवस जॅकेट कपाटात राहिलं तर कॉलरच्या आत हिरवट बुरशी. कडक कॅनव्हासला बुरशी लागली की वास जाता जात नाही. आता जाड हँगरवर, घडी न घालता, पंख्याखाली टांगते, आणि रायफलच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. बॅरलला बाहेरून तेलाचा हात रोज, दमट हवेत एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात.

कागदपत्रं तशी फार नाहीत, राज्य असोसिएशनची मेंबरशिप, आधार, जन्मदाखला, फोटो, आणि एनआरएआयचा (नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचा) शूटर आयडी. स्टेट म्हणजे राज्याची स्पर्धा झाली की पुढे झोनल, मावळंकर, नॅशनल या स्पर्धा. स्पर्धेला ज्यांचं नाव आहे ते मावळंकर म्हणजे आपले लोकसभेचे पहिले सभापती, १९५१ साली एनआरएआय उभी करण्यात तेच पुढे होते, हे मला फॉर्म भरताना कळलं आणि फार बरं वाटलं.

स्टेटच्या दिवशी आधी इक्विपमेंट कंट्रोल. जॅकेटची जाडी मोजतात, कापड किती ताठ आहे ते मशिनवर बघतात, शूजचा सोल वाकतो का बघतात. माझं सगळं पास झालं. मग १५ मिनिटं साइटिंग, म्हणजे नेम जुळवायला हवे तेवढे न मोजले जाणारे शॉट, आणि मॅचचे ६० शॉट ७५ मिनिटांत. २०१७ पर्यंत बायकांना ४०च असायचे, आता सगळ्यांना ६०. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असल्यानं प्रत्येक शॉट दशांशात, जास्तीत जास्त १०.९.

पहिले दहा शॉट ९५.२. हृदयाचे ठोके मला साइटमध्ये दिसत होते, गोळा ठोक्याठोक्याला उडत होता. २३ वा शॉट ७.९ लागला आणि शेजारच्या लेनवरच्या शाळकरी मुलीचे १०.४, १०.५ असे लागत होते ते नकळत मॉनिटरवर दिसत होतं. मी रायफल स्टँडवर ठेवली, पाणी प्यायले, डोळे मिटून पाय परत लावले. चाळीसच्या पुढे एका शॉटला मी चार वेळा रायफल खाली घेतली. चार वेळा. पाचव्यांदा उचलली तेव्हा कड सगळीकडून सारखी दिसली, ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच बोटाखाली होता, आणि शॉट कधी सुटला ते मला कळलंच नाही. १०.७.

शेवटी टोटल ५७६.३, ६५४ पैकी. मेडलच्या आसपासही नव्हतं, पण शेवटचे दहा शॉट ९९.१ होते, ते मी शॉटबुकात लाल पेनानं लिहून ठेवलेत. सरांनी ते वाचलं आणि पुढच्या स्टेटपर्यंतचं काम दिलं, रोज ड्रायचे ४० होल्ड, त्यातले निदान दहा जाणूनबुजून खाली घ्यायचे. कालचे झाले, आजचे जेवणाआधी करायचेत.