आमची वाटचाल: पत्र्याच्या डक्टपासून मशरूमच्या खोलीपर्यंत

भोसरीत वडिलांचं पत्राकामाचं वर्कशॉप होतं. हॉटेलच्या किचनचे हूड, पेंट बूथचे डक्ट, असली कामं. मशरूमशी संबंध आला तो एका धिंगरीवाल्यामुळे (धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम). त्याला आमच्याकडून फक्त डक्ट हवा होता. पंखा त्याने ऑनलाइन मागवला होता, फिल्टर आणखी कुठून तरी. तिन्ही वस्तू चांगल्या, पण जोडल्यावर खोलीत हवाच येईना.

पंख्याच्या खोक्यावर छापलेला सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) मोकळ्या हवेतला असतो. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, कोरा करकरीत असतानाही पूर्ण प्रवाहाला साधारण 25 मिलिमीटर पाण्याइतका दाब खातो. भिंतीत बसवायचा एग्झॉस्ट पंखा त्यापुढे नुसता गरगरतो. तिथे दाबाविरुद्ध हवा ढकलणारा सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच हवा.

तेव्हापासून आम्ही सुटा पंखा विकणं बंद केलं. धाकटा भाऊ म्हणाला, गिऱ्हाइकं तुटतील. काही तुटलीही.

आता हिशोब खोलीपासून सुरू होतो. 20 बाय 15 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 3000 घनफूट. तासाला चार वेळा हवा बदलायची तर 200 सीएफएम पुरतात. मग फिल्टर मुद्दाम मोठा घ्यायचा: 500 सीएफएमचा फिल्टर 200 वर चालवला की अडथळा निम्म्याहून खाली येतो आणि लहान ब्लोअरवर भागतं. डक्टचंही तेच. चार इंचीऐवजी सहा इंची घेतला तर तेवढ्याच हवेला घर्षण सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतं. पत्र्याचे चार पैसे जास्त जातात, पण वीजबिल दर महिन्याला येतं. फ्लेक्सिबल डक्ट वापरायचा तर ताणून बसवा. गुंडाळी तशीच लोंबत ठेवलेली पाहिली की आमचा फिटर भडकतो, आणि त्याचं बरोबर आहे.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना आम्ही यू आकाराची पारदर्शक नळी जोडून देतो, आत रंगीत पाणी. पहिल्या दिवशीच्या पातळीवर स्केचपेनने रेघ मारायची. दोन बाजूंतला फरक दुप्पट झाला की फिल्टर बदलायचा. महागड्या गेजपेक्षा शेतकऱ्याला हे पटकन कळतं.

कार्बन डायऑक्साइड 1000 पीपीएमच्या वर राहिला की धिंगरीचे दांडे लांबतात, छत्र्या बारीक होतात, भाव पडतो. मालकाला एवढं कळतं. पण तोडणीच्या बायकांचा खोकला बऱ्याच जणांच्या खिजगणतीत नसतो. धिंगरीचे बीजाणू फुफ्फुसाला बाधतात. म्हणून बाहेर टाकायच्या हवेचं तोंड पॅकिंगच्या जागेकडे काढायला आम्ही साफ नकार देतो. मास्क लागतोच, तो वेगळा.

सध्या केशराच्या खोल्यांची चौकशी वाढली आहे. तिथे गारवा आणि फिरती हवा महत्त्वाची, नाहीतर कंदांना बुरशी धरते. हेपाची गरज नसते. लोक मागतात तरीही. आम्ही कोटेशनमध्ये घालत नाही.