तुम्ही विचारलंत म्हणून: कच्चं काम चारचौघांत का मांडता?

‘संशोधनाचा पेपर छापून आल्यावर बोला ना सर, अर्धवट काम चारचौघांत कशाला?’ नवे सहकारी विचारतात, घरचे विचारतात, परवा एका माजी विद्यार्थ्यानेही विचारलं. आमच्या मॅनेजमेंट संस्थेत बुधवारी दुपारी डबे उघडून जी ब्राउन बॅग भरते, म्हणजे जेवता जेवता एकाने आपलं चालू काम मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, तिच्याबद्दल. एकदाच नीट सांगतो.

मुंबईचे डबेवाले हा माझा जुना विषय. अशाच एका बुधवारी डब्यांवरच्या खुणांबद्दल बोलत होतो. दुसऱ्याच स्लाइडवर होतं : ‘१ कोटी ६० लाखांत एक चूक, सिक्स सिग्मा’. सिक्स सिग्मा म्हणजे जवळजवळ शून्य चुकांची पातळी. बारा वर्षं वर्गात हेच सांगत आलो होतो. मागे बसलेल्या पीएचडीच्या मुलीने हातातला घास खाली ठेवला. “सर, हे मोजलं कुणी?”

“फोर्ब्सने. अमेरिकेतलं उद्योगविषयक मासिक.”

“म्हणजे कुठे उभं राहून? किती दिवस?”

मला उत्तर येत नव्हतं. “हा आकडा जगभर शिकवतात,” मी म्हणालो, आणि आवाज चढला. ती “बरं सर” म्हणाली. डबा तिने तसाच बंद केला. झाकण लागल्याचा आवाज मला अजून आठवतो.

रात्री शोधत बसलो. १९९८ सालच्या लेखासाठी पत्रकाराने डबेवाल्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं, चूक किती वेळा होते? जवळपास नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. रोजचे पावणेदोन लाख डबे, त्यावरून ८० लाखांत एक. रिकामे डबे परत जातात ते धरले की दुप्पट. बस, एवढंच. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, फोर्ब्सने तसं प्रमाणपत्रही दिलं नव्हतं, हे त्या पत्रकारानेच पुढे सांगितलं. मोजणी झालीच नव्हती. डबेवाल्यांचं काम त्यामुळे तसूभरही लहान होत नाही. माझा पेपर मात्र त्याच आकड्यावर उभा होता आणि तीन आठवड्यांत पाठवायचा होता.

तेव्हाचा मी म्हणेल, हे तिला नंतर केबिनमध्ये येऊन सांगता आलं असतं. आली असती? मला नाही वाटत. डबा खाताना माणूस जे विचारतो ते दार वाजवून विचारायला येत नाही.

मान्य, कल्पना चोरीला जाण्याची भीती खोटी नाही. माझी एक गेली आहे. नोकरी पक्की नसलेल्या माणसाला मी ‘मांडच’ असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो पेपर मी पाठवला नाही आणि त्या वर्षीची बढती गेली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवसांत चर्चगेटबाहेर वही घेऊन मोजतो आहे. अजून पुरेसं झालेलं नाही.

तिची माफी मागितली, पण केबिनमध्ये, दार लोटून. आवाज सगळ्यांसमोर चढवला होता. ती आता दुसऱ्या शहरात शिकवते. येत्या बुधवारी माझी पाळी आहे, वह्या घेऊन बसणार आहे.